जुळी भावंडं क्लोनच असतात, मग गेलेल्या मुलाचं क्लोन करून घेण्यात चूक काय?

तुमचा मुद्दा असा की एकसारखी जुळी म्हणजे निसर्गानेच केलेले क्लोन, मग एखाद्या आईबापांनी गेलेल्या मुलाचं क्लोन करून घेतलं तर त्यात अनैतिक काय. मी अशाच जुळ्यांपैकी एक आहे आणि माझी बहीण कॉलेजात असताना गेली, त्यामुळे यावर गप्प बसवत नाही.

जीन्सचं तुमचं बरोबर आहे. उलट आम्ही दोघी क्लोनपेक्षाही जवळच्या, एकाच बीजांडातून झालेल्या, एकत्र वाढलेल्या. क्लोन करताना मूळ जिवाच्या पेशीतलं केंद्रक दुसऱ्या मादीच्या रिकाम्या केलेल्या बीजांडात घालतात, त्यामुळे मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागाचा) डीएनए सहसा जिचं बीजांड वापरलं तिचा येतो. तरी ती डावखुरी, मी नाही, तिला दमा, मला नाही, बोटांचे ठसेसुद्धा वेगळे. २००१ मध्ये मांजराचं पहिलं क्लोन जन्मलं, त्याचा रंगसुद्धा मूळ तिरंगी मांजरीसारखा आला नाही. मग गेलेलं मूल परत येणार कुठून?

पण घरच्यांना हे कोण सांगणार. ती गेल्यावर आत्या मला जवळ घेऊन म्हणाली, "देवाने चेहरा तरी ठेवला आपल्याला." तिथून सुरू झालं. तिचे ड्रेस मी घालायचे, तिचा गाण्याचा क्लास मी पुढे चालवायचा (मला सूर लागत नाही, सगळ्यांना माहीत होतं), मी केस कापले तर आई कितीतरी दिवस धड बोलली नाही कारण तिचे लांब होते. आई तिच्या नावाने हाक मारायची आणि मी ओ द्यायचे, कारण चूक दाखवली की ती रडायची. माझं तर वेगळं नाव होतं, वेगळे मार्क, वेगळ्या मैत्रिणी, सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेलं, तरी ही गत. क्लोन म्हणून आणलेल्या पोराला तर जन्मायच्या आधीच कोणाची तरी जागा भरायला बोलावलेलं असणार. जुळ्यांत कोणी आधी जगून दाखवलेलं नसतं, फरक तो आहे.

आत्याचं अजूनही म्हणणं, आईचं दुःख हलकं झालं ना, मग तुझं काय बिघडलं. बिघडलं आत्या, खूप बिघडलं, आणि आईचं दुःखही हलकं झालं नाही, फक्त लांबलं. टेस्ट ट्यूब बेबीलाही १९७८ मध्ये लोकांनी असाच विरोध केला होता असं कोणीतरी म्हणेलच, पण ते मूल कोणाच्या बदल्यात आलेलं नव्हतं.

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी धोका आहेच. डॉली या क्लोन केलेल्या मेंढीच्या वेळी २७७ प्रयत्नांतून ती एकटीच जगली. २०१८ मध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी माकडं क्लोन केल्याचं जाहीर केलं, त्यात जगलेली दोन पिल्लं गर्भाच्या पेशींपासूनची होती, प्रौढ माकडाच्या पेशींपासून जन्मलेली दोन लगेच मेली. मोठं होऊन गेलेलं मूल असेल तर पेशी या दुसऱ्या प्रकारच्याच असणार. माणसाच्या बाळावर हे करून बघायचं? युनोने २००५ मध्ये माणसाच्या क्लोनिंगविरुद्ध जाहीरनामा काढला, ८४ देश बाजूने, ३४ विरोधात, पण तो बंधनकारक नाही.

तुमच्या ओळखीत कोणाचं मूल गेलं असेल आणि म्हणून विचारत असाल, तर त्यांना सांगा घरात उरलेल्या पोरांकडे आधी बघा.

उद्या असं मूल जन्मलंच तर ते पूर्ण माणूसच असेल, त्याला कोणी नावं ठेवू नयेत. आणि उपचारांसाठी लॅबमध्ये क्लोनिंगने स्टेम सेल (ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी) तयार करणं हा वेगळा विषय, त्याला माझा विरोध नाही.