निम्मा वाटा, पण कशातला?

प्रश्न : वेदगंगेवर पहिल्या पावसात चढणीचे मासे खाली आम्हाला आधी लागतात. वरची गावं म्हणतात, तुम्हीच सगळे उपसलेत. अमेरिकेत आदिवासी आणि इतर मच्छीमार सॅमन मासा निम्मा-निम्मा घेतात म्हणे. तो हिशेब कसा घालतात?
— एक वाचक, निपाणी तालुका

उत्तर : निम्मा खरा, पण आलेल्या सगळ्या माशांतला नव्हे. वॉशिंग्टन राज्यातल्या आदिवासी जमातींनी १८५४-५५ च्या तहांत जमीन सोडली. नेहमीच्या जागी इतरांच्या बरोबरीनं मासे धरायचा हक्क मात्र राखला. न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी १९७४ मध्ये त्याचा अर्थ लावला : धरण्याजोग्या माशांतले निम्म्यापर्यंत जमातींचे. १९७९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल बहुतांशी उचलून धरला.

‘धरण्याजोगे’ इथंच सगळी मेख आहे. समजा, समुद्रातून नदीकडं एक लाख मासे येतील असा अंदाज आहे आणि अंडी घालायला ४०,००० वर पोचायला हवेत. उरले ६०,०००, म्हणजे दोघांना तीस-तीस हजार. आता प्रत्यक्षात ७०,००० च आले, तर अंड्यांचे ४०,००० तसेच राहतात आणि वाटा पंधरा हजारांवर येतो. समुद्रातल्या बोटींनी तोवर २५,००० उचललेले असले, तर नदीतल्या जमातींच्या हाती पाचच हजार. म्हणून राज्य आणि जमाती हंगामाआधी एकत्र बसून आराखडा ठरवतात, हंगामात पकड मोजत अंदाज सुधारतात आणि गरज पडली की मासेमारी मध्येच थांबवतात. मासा राखायचा सगळा भार जमातींच्या डोक्यावर टाकता येत नाही. मासा त्यांच्या हाती सगळ्यांच्या शेवटी लागतो, त्यामुळे हे फार महत्त्वाचं.

रस्त्याखालच्या मोऱ्यांचाही खटला झाला. नळाचं तोंड ओढ्याच्या पाण्यापेक्षा उंच लटकलं किंवा अरुंद नळात ओढ जास्त झाली की मासा वर चढत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ मतं पडली, आणि राज्यानं मोऱ्या दुरुस्त कराव्यात हा खालच्या न्यायालयाचा आदेश कायम राहिला.

तुमच्याकडं वाट्याच्या आधी बंधारा बघा. पाणी अडवणाऱ्या फळ्या, म्हणजे बरगे, वेळेत निघाले नाहीत तर मासा खालीच दाटतो आणि तिथं जाळं लावणाऱ्याला गाभोळीच्या माद्याच जास्त मिळतात.

प्रश्न : हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या केंद्रात, वाढवून सोडलेले सॅमन या वाट्यात धरतात का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : हो. हॅचरीचा मासा ओळखता यावा म्हणून त्यातल्या बऱ्याच पिल्लांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापून सोडतात. गळाला पर शाबूत असलेला मासा लागला तर अनेक ठिकाणी तो परत सोडावा लागतो. सोडलेल्यांतलेही काही मरतात, ते हिशेबात धरतात. कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्यात अशी निवड जमत नाही.