अ‍ॅडल्ट इंडी गेममध्ये स्टोरी कमजोर असली तर खरंच काही फरक पडतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही आणि तुमचा मित्र मिळून एक अ‍ॅडल्ट व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रं बघत, टेक्स्ट वाचत, मध्ये मध्ये चॉइस निवडत जायचा गेम) बनवताय, तो रेंडर करतो म्हणजे कॉम्प्युटरवर चित्रं बनवतो, तुम्ही लिहिता, आणि तो म्हणतोय की स्टोरीवर कशाला डोकं खपवतोस, लोक काय वाचायला येतात का. तर भाऊ, फरक पडतो, लय पडतो. फक्त सगळे जे कारण सांगतात त्या कारणाने नाही.

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर वाटेल हा कोण फेकाफेक करतोय. नाशिकला इंदिरानगरात राहतो, दिवसा नोकरी, रात्री बाहेरच्या देशातल्या छोट्या डेव्हलपर लोकांच्या स्क्रिप्ट तपासून देतो. म्हणजे डायलॉग नीट करणं, कुठला चॉइस पुढे जाऊन कुठे मरतो ते शोधणं, आधीच्या चॅप्टरमध्ये मेलेला माणूस पुढच्या चॅप्टरमध्ये चहा पीत नाहीये ना ते बघणं, असली कामं. त्यातले बरेच गेम अ‍ॅडल्ट असतात. घरी "परदेशी क्लायंटचं प्रूफरीडिंग" एवढंच माहितीये आणि ते काही खोटं नाहीये.

लोक म्हणतात स्टोरी वाईट असेल तर प्लेयर कंटाळतो. तसं नाही होत. तो कंटाळायच्या आधीच कंट्रोल दाबतो. हे बहुतेक गेम रेनपाय नावाच्या सॉफ्टवेअरवर बनतात, २००४ पासून आहे ते, फुकट आहे, खाली पायथन ही कोडिंगची भाषा आहे त्यामुळे थोडंफार कोडिंग येणारा कोणीही घरबसल्या सुरू करू शकतो. त्यात कंट्रोल दाबून धरला की टेक्स्ट पळायला लागतो. साधारणपणे आधी वाचलेलाच पळतो, पण सेटिंगमध्ये जाऊन न वाचलेला पण पळवता येतो, आणि ते सेटिंग शोधायला लोकांना दोन मिनिटं पण लागत नाहीत. मग काय होतं, तुम्ही चार महिने घासून लिहिलेला चॅप्टर तो तीन मिनिटांत संपवतो, सीन बघतो, बंद करतो. त्याच्याही पुढचे शहाणे कुणाची तरी पूर्ण झालेली सेव फाइल घेऊन थेट गॅलरी, म्हणजे सगळे सीन एकत्र असतात ती जागा, उघडतात. अशा माणसाला तुमच्या पात्राचं नाव पण माहीत नसतं, तो पुढच्या अपडेटची वाट का बघेल आणि त्यासाठी दर महिन्याला पैसे का देईल?

आपल्याकडचंच घ्या ना. जत्रेत तमाशाचा फड आला की लोक येतात लावणीला, हे कोणी नाकारत नाही, फडमालक तर अजिबातच नाही. पण पहाटेपर्यंत पब्लिक बसतं ते वगासाठी. वग पडला की मागच्या रांगा उठून चहाच्या गाडीवर.

आता मुद्द्याचं. कमजोर स्टोरीचा पहिला फटका प्लॉटला बसत नाही, तो बसतो समोरच्या पात्राच्या होकाराला. ज्या पात्राला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो ला काही किंमतच राहत नाही, आणि मग तुमचा गेम हा गेमच उरत नाही, क्लिक करत जायचा स्लाइड शो होतो. एक उदाहरण देतो, क्लायंटचं काही न सांगता, सगळं आपल्याकडचं करून.

ऑफिसात उशीर झालाय, धो धो पाऊस, तिशीतली सहकारी मुग्धा हिरोच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर येते. पहिल्या ड्राफ्टमध्ये असं असतं: "बाप रे, केवढा पाऊस!" "अगं आत ये ना." "माझे सगळे कपडे भिजलेत..." आणि लगेच चॉइस, "टॉवेल दे" किंवा "जवळ जा". दोन्ही चॉइस जातात एकाच ठिकाणी, फरक एवढाच की एकाने तिच्या नावाचा व्हेरिएबल (कोडमधला आकडा) एकने वाढतो आणि दुसऱ्याने दोनने. दहा झाले की सीन. मुग्धाला काय वाटतं, उद्या ऑफिसात याच्याशी कसं बोलायचं, हा आपल्या बॉसचा चमचा आहे की नाही, यातलं काहीच तिच्या डोक्यात नाही कारण तिला डोकंच दिलेलं नाही. प्लेयरला हे शब्दात सांगता येत नाही पण कळतं बरोबर.

आता हाच सीन जरा बदला. मुग्धा दारातच उभी राहते आणि आधी बहिणीला फोन लावते, "हो गं, गंगापूर रोडलाच आहे, बिल्डिंगचं नाव पाठवते तुला," आणि हे मुद्दाम हिरोला ऐकू जाईल असं बोलते. चपला दाराबाहेरच. आता चॉइस द्या: "लोकेशन पण पाठव तिला, म्हणजे काळजी नको" किंवा हसत हसत "एवढा पण विश्वास नाही का?" दुसरं निवडलं तर ती पण हसते, चहा पिते, रिक्षा मागवते आणि जाते. गेम ओव्हर नाही, काही नाही, फक्त गेली, आणि पुढे दोन चॅप्टरनंतर कॅन्टीनमध्ये ते वाक्य ती त्याला ऐकवते. पहिलं निवडलं तरी त्या रात्री काहीही होत नाही. फक्त निघायच्या आधी बराच वेळ गप्पा होतात आणि मध्येच उठून ती बाहेर भिजणाऱ्या चपला आत आणून ठेवते. खर्च किती? आठ-दहा ओळी आणि चपलांचं एक जास्तीचं रेंडर. पण आता जेव्हा केव्हा त्या दोघांचा सीन येईल तेव्हा प्लेयर कंट्रोल दाबणार नाही, कारण ती नाही म्हणू शकते हे त्याने बघितलेलं असतं.

ही काही माझी नवीन थिअरी नाही. १९८७ ला अल लो यांनी सिएरासाठी लेझर सूट लॅरी बनवला, अ‍ॅडल्ट गेम म्हटलं की जुने लोक अजून त्याचंच नाव घेतात, आणि त्यात लॅरीला बायका सारख्या उडवून लावतात, पूर्ण विनोद त्याच्यावर आहे, त्यांच्यावर नाही. फेट स्टे नाइट २००४ ला पीसीवर अ‍ॅडल्ट व्हिज्युअल नॉव्हेल म्हणूनच आला होता, २००७ ला प्लेस्टेशन २ साठी त्यातले अ‍ॅडल्ट सीन काढून टाकले तरी त्याचं काहीच बिघडलं नाही, उलट आज ज्यांना तो माहितीये त्यातल्या अर्ध्या लोकांना त्यात तसले सीन होते हेच माहीत नसावं. आणि तुमच्या साइजचं उदाहरण हवं असेल तर काटावा शौजो, वेगवेगळ्या देशातल्या हौशी लोकांनी इंटरनेटवर जमून बनवलेला, रेनपायवरच, २०१२ ला फुकट रिलीज केला. पाच मुलींचे पाच रूट म्हणजे स्टोरीचे पाच रस्ते, आणि अ‍ॅडल्ट सीन बंद करायचा ऑप्शन सेटिंगमध्येच दिलाय. तो बंद करून खेळणारे लोक पण रडलेत. तुमच्या मित्राला हा एक गेम खेळायला लावा, वाद तिथेच मिटेल.

बरं, मग एवढं कळूनसुद्धा बहुतेक गेम तसेच का निघतात? लिहिणारे बावळट असतात असं नाही. पैसा आणि वेळ जातो कुठे ते बघा. डॅझसारख्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये एक चांगली फ्रेम रेंडर व्हायला साध्या ग्राफिक कार्डवर मिनिटं नाही, कधी कधी तास लागतात, अ‍ॅनिमेशन असेल तर विचारूच नका, रात्रभर पीसी चालू आणि महावितरणचं बिल वेगळं. तीन ठिकाणी खरोखरचे दोन-दोन रस्ते ठेवले की शेवटी आठ रस्ते होतात, आठ रस्त्यांची चित्रं कोण काढणार? म्हणून चॉइस खोटे ठेवले जातात, दिसायला दोन, जायला एक. मी म्हणतो रस्ते एकत्र आणा ना, हरकत नाही, पण पात्राला आठवू द्या की तुम्ही मागे काय बोललात. आठवण ठेवायला रेंडर लागत नाही, कोडमध्ये एक ट्रू-फॉल्स (हो की नाही एवढी नोंद) आणि दोन ओळी लागतात.

दुसरं कारण मंथली पैशाचं. पॅट्रिऑन, म्हणजे चाहते दर महिन्याला पैसे देतात ती साइट, २०१३ ला सुरू झालं आणि त्याच्यामुळेच हे गेम बनवणं परवडायला लागलं हे खरंय, पण त्याचा त्रास असा की प्रत्येक अपडेटमध्ये काहीतरी "मिळालं" पाहिजे. मग स्टोरी पुढे जावो न जावो, सीन एक पाहिजेच. शेवट काय हे लेखकाला सुरुवातीलाच माहीत नसतं, त्यामुळे गाडी अडली की नवीन पात्र आणायचं, परत अडली की अजून एक, मग पोल घ्यायचा की पुढचं अपडेट कोणाचं, आणि बारावं पात्र आलं की कोणाला कोणाबद्दल काय माहितीये हे खुद्द लेखकाला आठवत नाही. मी अशा फाइल बघितल्यात जिथे एक बाई हिरोच्या नोकरीबद्दल पहिल्यांदाच ऐकते, आणि ती नोकरी तिनेच लावून दिलेली असते. शेवटी डेव्हलपरच वैतागतो आणि गेम अर्धवट पडून राहतो. या फील्डमध्ये अर्धवट सोडलेल्या गेमचा नुसता ढीग आहे.

तिसरं जरा वेगळं आहे. घरातल्याच नात्यांमधल्या लैंगिक संबंधांवर पॅट्रिऑनने कडक बंदी आणली तेव्हा काही लोकांनी विषय बदलायच्या ऐवजी नुसते शब्द बदलले, घरातली माणसं एकदम "घरमालकीण" आणि "रूममेट" झाली. विषय जायलाच पाहिजे होता, माझं स्पष्ट मत आहे. पण लेखन म्हणून पण बघा, घरमालकीण भाडेकरूला विचारतेय की रात्री जेवलास का आणि लहानपणी तू किती रडायचास, काही अर्थ आहे का? नातं हे भरायची रिकामी जागा असेल तर स्टोरी नव्हतीच मुळात.

सँडबॉक्सवाल्यांबद्दल, म्हणजे स्टोरीऐवजी तीच तीच कामं करत मोकळं फिरायला लावणाऱ्या गेमबद्दल, जास्त बोलत नाही. रोज जिम, रोज काम, रोज फुलं द्या, पॉइंट वाढवा. लिहायला काही नसलं की असं करतात.

आणि तुमच्या मित्राच्या बाजूनेही एक सांगतो. अर्ध्या तासाचा, नुसते व्हिज्युअल असलेला, स्टोरीचा दावाच न करणारा छोटा गेम असेल तर तो चालतो, त्यात फसवणूक नाही. वाईट होतं ते मधलं, चाळीस मिनिटं बळजबरीने वाचायला लावून काहीच न देणारं. स्टोरी जमत नसेल तर ती नसलेली बरी. पण मग लोक तुम्हाला लक्षात ठेवणार नाहीत हे धरून चाला. जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावाने स्टीम या गेम विकणाऱ्या साइटने काही अ‍ॅडल्ट गेम काढले आणि इच डॉट आयओ या तसल्याच दुसऱ्या साइटने तर अ‍ॅडल्ट गेम सर्च आणि ब्राउझमधूनच गायब केले. दुकानच असं बंद झालं तर तुमच्या पात्रांचं पुढे काय झालं म्हणून विचारत येणारे लोकच कामाला येतात, थंबनेल बघून आलेले नाही.

तुमच्यापुरतं सांगायचं तर मित्राला अजून रेंडर करू देऊ नका. शेवट आधी लिहा. मग पहिले दोन चॅप्टर चित्रांच्या जागी राखाडी चौकोन ठेवून दोन-तीन सज्ञान मित्रांना खेळायला द्या आणि मागे बसून बघा, कोण कुठे कंट्रोल दाबतो ते. काही बोलायचं नाही, समजवायचं नाही. जिथे दोघांनी दाबला ते पान परत लिहा.

आणि हे विषयाबाहेर आहे पण इथून पब्लिश करणार असाल म्हणून सांगतो: आयटी कायद्याचं कलम ६७ आणि ६७ए (ऑनलाइन अश्लील आणि लैंगिक मजकुराबद्दलचं) आधी वाचा. ६७ए मध्ये पहिल्यांदा दोषी ठरलात तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. बाहेरचा डेव्हलपर जे बिनधास्त करतो ते इथे बसून तसंच चालेल असं धरू नका, पैसे घ्यायच्या आधी, पेज उघडायच्याही आधी, एखाद्या वकिलाला स्क्रिप्टसकट भेटा. लाज वाटेल, पण भेटा.