प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांचे फोटो काढायला निकॉन डी3500 वर 70-300 घ्यावी की 150-600?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की गाव पवनी तालुक्यात, कॅमेरा डी3500, सोबत आलेली 18-55 लेन्स (हे आकडे लेन्सच्या फोकल लांबीचे, मिलिमीटरमध्ये; आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), आणि नागपूरला महाराजबाग-गोरेवाड्यात जाऊन वाघ-बिबट्यांचे फोटो काढायची आवड लागलीय. आता पैसे साठवून थेट 150-600 घ्यावी का, हा प्रश्न. माझं उत्तर: आत्ता नको. 70-300 घ्या. मी लाखनीकडचा, हाच छंद मलाही आहे, म्हणून कारणं जरा सविस्तर सांगतो.

प्राणिसंग्रहालयात प्राणी जंगलाइतका लांब नसतो. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर 23.5 मिलिमीटर रुंद आहे. त्या हिशोबाने 300 वर फ्रेममध्ये किती रुंदी मावते, हे काढायला अंतराला 13 ने भागायचं. 10 मीटरवर साधारण 78 सेंटिमीटर, म्हणजे वाघाचं डोकं आणि खांदे. तोच वाघ 600 वर बघितला तर 39 सेंटिमीटर, नुसता चेहरा. आणि 150-600 मागे आणून आणून 150 पर्यंतच येते. तिथे 10 मीटरवर मावतात दीड मीटरच्या थोडं वर, तर वाघ शेपटी सोडूनही बहुधा त्याहून लांब. तो जाळीजवळ आला की अख्खा वाघ फ्रेममध्ये बसणारच नाही, आणि मागे सरकावं तर मागे लोकांची गर्दी.

पण माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवून पैसे घालू नका, स्वतः मोजा. खर्च फक्त एसटीच्या तिकिटाचा. आहे ती 18-55 घेऊन जा आणि प्रत्येक पिंजऱ्यापुढे 55 वर फोटो काढा. घरी आल्यावर त्या फोटोतला मधला 1100 पिक्सेल रुंदीचा तुकडा कापा. मूळ फोटो 6000 पिक्सेल रुंद असतो, त्यामुळे 300 वर पूर्ण फ्रेममध्ये दिसलं असतं ते बरोबर एवढंच. 600 साठी 550 पिक्सेलचा तुकडा कापा. फोटो धुरकट दिसेल, पण आपल्याला बघायची आहे ती फक्त चौकट. कुठली लेन्स हवी ते हे तुकडेच सांगतील, दुकानदाराला विचारायची गरज पडणार नाही.

70-300 घेताना मात्र डोळे उघडे ठेवा, कारण या आकड्याच्या नावाखाली बऱ्याच लेन्स विकल्या जातात. डी3500 मध्ये फोकसची मोटर नाही, ती लेन्समध्येच असावी लागते. निकॉनची जुनी 'एएफ 70-300 जी' सेकंडहँड स्वस्तात मिळते, पण तुमच्या कॅमेऱ्यावर तिचा ऑटोफोकस चालणार नाही. तुम्हाला हवी ती 'एएफ-पी डीएक्स 70-300', आणि त्यातही जिच्या नावात शेवटी 'व्हीआर' (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे ती. व्हीआर नसलेली तिची बहीण दिसायला जवळजवळ तशीच असते, म्हणून नाव अक्षर अक्षर वाचून घ्या. व्हीआरचं बटण लेन्सवर शोधू नका, ते कॅमेऱ्याच्या मेनूत असतं. वजन 415 ग्रॅम. 150-600 दोन किलोच्या आसपास भरते. सकाळची एसटी पकडून दिवसभर गळ्यात कॅमेरा घेऊन फिरायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

आता जाळी. प्राणिसंग्रहालयातली खरी अडचण अंतराची नाही, जाळीची आहे. 55 वर 5.6 ॲपर्चर ठेवलं तर लेन्सचं भोक जेमतेम 10 मिलिमीटरचं असतं, म्हणून तुमच्या आत्ताच्या फोटोंत तारा ठळक येत असणार. 300 वर 6.3 म्हणजे जवळपास 48 मिलिमीटरचं भोक. तीन मिलिमीटरची तार त्याच्यापुढे विरून जाते. म्हणून झूम पूर्ण पुढे आणि ॲपर्चर जास्तीत जास्त उघडं. एफ/11 केलंत, म्हणजे भोक लहान केलंत, की तारा परत दिसायला लागतात. कठड्याच्या अलीकडूनच, पण जाळीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, आणि प्राणी जाळीपासून आत लांब गेल्यावर बटण दाबा. तो जाळीला खेटून बसला असेल तर कुठलीही महाग लेन्स घेतली तरी उपयोग नाही, थांबायचं. उन्हात चमकणारी जाळी फोटोवर पांढरट पडदा आणते, तेव्हा सावलीतला भाग निवडा. जाळीच्या काळ्या रंगवलेल्या तारा लवकर नाहीशा होतात. फोकसचा एकच बिंदू ठेवा आणि तो डोळ्यावर धरा. तरी कॅमेरा जाळीच पकडत असेल तर मेनूतून मॅन्युअल फोकस करा.

महाराजबाग जुनी, 1894 सालची, कृषी विद्यापीठाच्या ताब्यातली. तिथे हे जाळीचं तंत्र रोज लागेल. गोरेवाड्याचं वेगळं. तिथली भारतीय सफारी 26 जानेवारी 2021 ला सुरू झाली, आणि वाघ, बिबट, अस्वल व तृणभक्षी यांचे स्वतंत्र मोकळे भाग आहेत. गाडीतून बघायचं असल्याने प्राणी कधी दहा मीटरवर तर कधी पन्नासवर. 70 ते 300 एका लेन्समध्ये असण्याचा फायदा इथे कळतो. शटरचा वेग 1/500 सेकंदापेक्षा कमी होऊ देऊ नका. व्हीआर तुमचा हात सांभाळतो, वाघाचं चालणं नाही. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, 1600 पर्यंत बिनधास्त वाढवा. कॅमेरा खिडकीच्या चौकटीवर टेकवू नका, इंजिनाची थरथर थेट त्यात उतरते.

दिवस निवडताना आपलं ऊन लक्षात घ्या. मे महिन्यात दुपारी प्राणी सावलीत पडून असतात, आणि तापलेल्या जमिनीवरून वर येणाऱ्या हवेने लांबचं सगळं लहरतं. लेन्स जितकी मोठी तितकं ते लहरणं मोठं दिसतं. दिवाळी ते होळी, सकाळी दार उघडताच आत जाणं सगळ्यात चांगलं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. प्राण्याने मान वळवावी म्हणून शिट्टी, टाळी, खडा, खाऊ काही नाही. फ्लॅश बंद. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं किंवा खाऊ घालणं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 38 जे खाली गुन्हा आहे. कायदा नसता तरी, त्या जीवाला तिथून उठून जायला जागा नाही, एवढं कारण पुरेसं आहे. आणि फोटो टाकताना खाली 'गोरेवाडा' असंच लिहा. ताडोब्याचा म्हणून खपवलेला पिंजऱ्यातला वाघ मला बघवत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, परत द्या. आपल्या धानपट्ट्यात पावसाळाभर दमट असतं, लेन्स कपाटात ठेवू नका. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या एवढं पुरतं.

लेन्स आली की लगेच नागपूरला धावू नका. गोठ्यातला बैल आकाराने वाघाच्या जवळपास, त्याच्यावर पंधरा-वीस पावलांवरून हात बसवा. मग बोडीवरचे (तळ्यावरचे) बगळे, धुऱ्यावरचा रोही (नीलगाय). यातून पुढे कधी गोंदियाकडे बांधीत (धानाच्या शेतात) उतरलेले सारस काढावेसे वाटले, तर दीडशे मीटरवरचा सारस 300 वर लहानच दिसेल, आणि तिथे जवळ जायचंही नसतं. तेव्हा निकॉनची 200-500 किंवा तुमची ती 150-600 बघू, तोवर साठवत राहा.