होम स्क्रीनवरचं दुकान: वेब अ‍ॅपविषयी वाचकांचे प्रश्न

आमचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे. मार्च ते मे मोठी विक्री, एरवी तुरळक. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि वही जुळवताना घोळ होतो. एक जण म्हणतो, अँड्रॉइड आणि आयफोनसाठी दोन अ‍ॅपं करा. दुसरा म्हणतो, पीडब्ल्यूए पुरे. हा प्रकार नेमका काय? आम्हाला चालेल का?

पीडब्ल्यूए म्हणजे प्रोग्रेसिव्ह वेब अ‍ॅप. हे नाव अ‍ॅलेक्स रसेल आणि फ्रान्सिस बेरिमन यांनी २०१५ मध्ये दिलं. मुळात ते संकेतस्थळच असतं, त्यात तीन गोष्टींची भर पडते. पहिली म्हणजे एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी. तिच्याशिवाय बाकीचं चालतच नाही. दुसरी, मॅनिफेस्ट नावाची छोटी फाइल. तिच्यात अ‍ॅपचं नाव, उघडायचं पहिलं पान, १९२ आणि ५१२ पिक्सेलची चिन्हं आणि ‘पत्त्याची पट्टी दाखवू नको’ ही सूचना असते. तिसरी, सर्व्हिस वर्कर. ही ब्राउझर आणि इंटरनेट यांच्या मधे बसणारी फाइल. पानाने काही मागितलं की ते फोनमधल्या साठ्यातून द्यायचं की सर्व्हरकडून आणायचं, हे ती ठरवते. नेटवर्क गेलं तरी पान उघडतं ते तिच्यामुळे.

तुमच्या धंद्याला आम्ही पीडब्ल्यूएच सुचवू. वर्षातून एकदा पाच किलो मसाला नेणारं गिऱ्हाईक त्यासाठी अ‍ॅप फोनमध्ये सांभाळत नाही. फोन भरला की असलं अ‍ॅप पहिलं उडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली लिंक मात्र लगेच उघडते आणि ज्यांना हवं ते ती होम स्क्रीनवर ठेवतात. ट्विटरने २०१७ मध्ये ‘लाइट’ आवृत्ती आणली तेव्हा ती सुमारे ६०० केबीची होती, अँड्रॉइड अ‍ॅप २३ एमबीच्या वर होतं. मुंबईच्याच बुकमायशोने मोबाइल संकेतस्थळ या पद्धतीने नव्याने बांधल्यावर खरेदी पूर्ण होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त वाढल्याचं जाहीर झालं होतं. तेवढी वाढ तुम्हालाही मिळेल असं धरू नका. आधीचं पान किती संथ होतं, यावर असे आकडे फार अवलंबून असतात.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ‘स्टोअरचं ३० टक्के कमिशन वाचेल’ असं कुणी सांगितलं तर ते तुम्हाला लागू नाही. मसाल्यासारख्या प्रत्यक्ष वस्तूंच्या विक्रीवर गूगल किंवा अ‍ॅपल कमिशन घेतच नाहीत. वाचतं ते वेगळं: अ‍ॅपलचे दरवर्षीचे ९९ डॉलर, गूगलचे एकदाचे २५ डॉलर आणि खरा मोठा खर्च म्हणजे दोन अ‍ॅपं कायम सांभाळणं.

काम देताना पानाच्या वजनाची अट लिहून घ्या. मिरचीचा फोटो थेट फोनमधून चढवला तर एकटाच ४ एमबीचा होतो; तोच ८०० पिक्सेल रुंद वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून १०० केबीच्या आत बसतो. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे आकार वाढतो, म्हणून एकच फॉन्ट, साधा आणि ठळक, एवढ्यावर थांबा. नाहीतर फोनमधलाच फॉन्ट वापरा, काही बिघडत नाही. साध्या अँड्रॉइड फोनवर, मोबाइल डेटावर, मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसला पाहिजे. ही चाचणी ऑफिसच्या वायफायवर घेऊ देऊ नका.

मुलुंडहून फराळाचा गृहउद्योग चालवतो. चकलीचा भाव बदलला, पण जुन्या गिऱ्हाइकांना अजून जुनाच दिसतो. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की नवा येतो. प्रत्येकाला हे कसं सांगायचं?

सांगायची गरज पडता कामा नये. ही पीडब्ल्यूएमधली सगळ्यात नेहमीची चूक आहे आणि ती गिऱ्हाइकाची नाही, बांधणीची आहे.

पहिलं कारण: तुमच्या सर्व्हिस वर्करने सगळ्यालाच ‘आधी साठा, मग नेटवर्क’ हा एकच नियम लावला असावा. फोटोंना आणि चिन्हांना तो शोभतो, भावाला नाही. भाव, शिल्लक माल आणि ऑर्डरची स्थिती यांसाठी उलटा क्रम हवा: आधी सर्व्हरला विचारा, ३ सेकंदांत उत्तर आलं नाही तर साठ्यातलं दाखवा आणि शेजारी ‘हा भाव सकाळी १० वाजताचा’ असं लिहा. पानाच्या सांगाड्यासाठी मधला मार्ग: साठ्यातलं लगेच दाखवायचं, मागून नवं आणून पुढच्या वेळेसाठी ठेवायचं. वर्कबॉक्स या मोफत लायब्ररीत तिन्ही पद्धती तयार मिळतात. बिलाचा अंतिम हिशेब मात्र नेहमी सर्व्हरवरच व्हावा; फोनवर काय दिसत होतं, त्यावर कधीच विसंबू नका.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. नवा सर्व्हिस वर्कर फोनवर आला तरी लगेच कामाला लागत नाही. जुन्याच्या हाताखालची सगळी पानं बंद होईपर्यंत तो थांबून राहतो, कारण अर्धं पान जुनं आणि अर्धं नवं झालं तर मोडतं. पान नुसतं रीफ्रेश केल्याने तो पुढे येत नाही. होम बटण दाबून अ‍ॅप मागे टाकणाऱ्या गिऱ्हाइकाकडे तर तो दिवसेंदिवस ताटकळतो. ‘स्किप वेटिंग’ ही आज्ञा त्याला लगेच पुढे आणते, पण ती आंधळेपणाने घातली तर नव्या वर्करने जुन्या फाइली पुसलेल्या असतात, उघडं पान त्याच मागतं आणि पैसे भरता भरता पडदा कोरा होतो. बरा उपाय असा: ‘नवी आवृत्ती आली आहे’ अशी पट्टी दाखवायची, गिऱ्हाइकाने बटण दाबलं की ती आज्ञा द्यायची आणि मग पान पुन्हा उघडायचं. पेमेंटच्या पानावर ही पट्टी दाखवू नका.

घाबरून सर्व्हिस वर्करच्या फाइलचं नाव बदलू नका. साठ्यातलं जुनं पान जुन्याच नावाची फाइल मागत राहतं आणि गिऱ्हाईक कायमचं जुन्या आवृत्तीत अडकतं. नाव तेच, जागा तीच, म्हणजे संकेतस्थळाच्या मुळाशी. बदलायचा तो आतला मजकूर. फारच गुंता झाला असेल तर त्याच नावाने अशी फाइल ठेवा, जी सगळे कॅशे (फोनमधले साठे) पुसते आणि स्वतःची नोंदणी रद्द करते. गिऱ्हाईक पुढच्या वेळी ऑनलाइन असताना अ‍ॅप उघडेल तेव्हा ब्राउझर ती उचलतो.

जाता जाता, फोटो दुसऱ्या डोमेनवर ठेवले असतील तर त्या सर्व्हरवर सीओआरएसची, म्हणजे दुसऱ्या डोमेनच्या पानाला फोटो वाचू देण्याची, परवानगी चालू आहे ना, ते पाहा. तशा परवानगीविना साठवलेला प्रत्येक फोटो क्रोम सुरक्षेसाठी सुमारे ७ एमबीचा धरतो, मग तो प्रत्यक्षात ५० केबीचा का असेना. चाळीस फोटोंत २८० एमबीचा कोटा संपतो आणि ‘साठा भरला’ ही चूक कुठून आली ते कुणालाच कळत नाही.

कल्याणला आमची पाणी शुद्धीकरण यंत्रांच्या दुरुस्तीची सेवा आहे. आमची मुलं इमारतीच्या तळघरात किंवा गाडी पारसिक बोगद्यात असताना फॉर्म पाठवतात. फॉर्म गायब होतो, कधी दोनदा येतो.

सर्व्हिस वर्करचा कॅशे पानं आणि फोटो सांभाळतो, पाठवायचे फॉर्म नाही. त्यांच्यासाठी फोनमधला इंडेक्स्ड डीबी हा साठा वापरावा लागतो. क्रम महत्त्वाचा आहे. ‘जतन करा’ दाबताच फॉर्म आधी त्या साठ्यात लिहायचा आणि त्याला फोनवरच दुसऱ्या कुठल्याही फॉर्मशी न जुळणारा एक क्रमांक द्यायचा. मग पाठवायचा. सर्व्हरकडून पोच आली तरच साठ्यातून काढायचा.

दोनदा येण्याचं कारण बहुधा असं असतं: फॉर्म पोहोचला, पण पोच परत येताना नेटवर्क तुटलं, म्हणून फोनने तो पुन्हा पाठवला. सर्व्हरने तो क्रमांक आधी पाहिलेला असेल तर नवी नोंद न करता नुसती पोच द्यायची. एवढ्याने दुहेरी नोंद थांबते.

पुन्हा पाठवायचं कधी? अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये बॅकग्राउंड सिंक आहे. अ‍ॅप बंद असलं तरी जोडणी आली की ते फॉर्म पाठवतं. आयफोनवर ते नाही. तिथे अ‍ॅप उघडल्यावर आणि जोडणी परतल्याचा इशारा मिळाल्यावर पाठवायचं, शिवाय वर ‘पाठवायचे बाकी: ३’ असं बटण कायम दिसू द्यायचं. ब्राउझर सांगतो त्या ‘ऑनलाइन’वर भरवसा ठेवू नका: तळघरात एक काडी दिसते, पण डेटा सरकत नाही. खरी कसोटी म्हणजे सर्व्हरचं उत्तर. लॉगिनची मुदत संपल्याने सर्व्हरने फॉर्म नाकारला तर तो फेकू नका, लॉगिन झाल्यावर पुन्हा पाठवा. फोटो पाठवण्याआधी १२८० पिक्सेलपर्यंत लहान करा.

ज्यांच्याकडे आयफोन आहे त्यांनी अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवलंच पाहिजे. सफारी वापरात असताना ७ दिवस त्या स्थळाला हात लागला नाही तर सफारीच्या टॅबमधला असा साठा पुसला जातो. होम स्क्रीनवरच्या अ‍ॅपला ही कात्री लागत नाही. आणि यूपीआयचं पेमेंट या रांगेत कधीही घालू नका. पैसे जोडणी असतानाच घ्यायचे.

आयफोनवर ‘इन्स्टॉल करा’ हे बटणच येत नाही आणि सूचनाही (नोटिफिकेशन) पोहोचत नाहीत. (दादर)

अँड्रॉइडवर क्रोम आपणहून विचारतो, आयफोन विचारत नाही. तिथे सफारीत पान उघडून शेअरच्या खुणेवर टॅप करायचं, खाली सरकून ‘अ‍ॅड टू होम स्क्रीन’ निवडायचं. हे तीन चित्रांत दाखवणारा तक्ता तुमच्या पानावरच ठेवा. इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये हा पर्याय नसतो, आधी लिंक सफारीत उघडावी लागते.

सूचना आयओएस १६.४ पासून, म्हणजे मार्च २०२३ पासून मिळतात, आणि फक्त होम स्क्रीनवर ठेवलेल्या अ‍ॅपला. परवानगीही गिऱ्हाइकाने बटण दाबल्यावरच मागता येते. पहिल्याच भेटीत मागू नका. एकदा ‘नको’ म्हटलं की पुन्हा विचारता येत नाही, सेटिंगमध्ये जाऊन बदलावं लागतं. ऑर्डर नोंदवल्यावर ‘माल निघाला की कळवू का?’ असं विचारलं तर लोक आनंदाने ‘हो’ म्हणतात.

तरीही प्ले स्टोअरवर नाव हवं असेल तर?

जमतं. बबलरॅप या मोफत साधनाने पीडब्ल्यूएला अँड्रॉइडचं वेष्टण चढवता येतं. संकेतस्थळ तुमचंच आहे हे दाखवणारी एक छोटी फाइल सर्व्हरवर ठेवावी लागते. अ‍ॅपच्या वर पत्त्याची पट्टी दिसू लागली तर दोष बहुधा याच फाइलीत असतो: तिच्यात तुमच्या डिजिटल सहीच्या चावीचा ठसा टाकलेला असतो, पण प्ले स्टोअर अ‍ॅपवर स्वतःच्या चावीने सही करतं. ठसा प्ले कन्सोलमधून, म्हणजे प्ले स्टोअरवरच्या तुमच्या खात्यातून, घ्या. वैयक्तिक खातं नवं असेल तर आधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते, तेव्हा दिवाळीच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका.

मी निवृत्त आहे, गिरगावात राहतो. बँकेच्या नावाने संदेश आला: ‘लिंक उघडा आणि अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवा.’ ठेवू का?

काका, ठेवू नका. पीडब्ल्यूए उघडल्यावर वर पत्ता दिसत नाही, त्यामुळे बँकेसारखं चिन्ह लावून कुणीही बनावट पान तुमच्या फोनवर बसवू शकतो. स्टोअरमधून आलेलं नसलं तरी ‘अनोळखी अ‍ॅप’ हा नेहमीचा इशाराही येत नाही. बँकेचा पत्ता पासबुकावरून पाहून स्वतः टाइप करा. असं काही आधीच बसवलं असेल तर चिन्ह दाबून धरा आणि काढून टाका. अँड्रॉइडवर त्यासाठी ‘अनइन्स्टॉल’ येतं. त्यात पासवर्ड किंवा पिन टाकला असेल तर लगेच बँकेला कळवून खातं थांबवा, आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात ते तेव्हाच.