पहिलीचा पहिला आठवडा

अगं, पहिलीच्या बायबलच्या तासाला आठवड्यात पाच गोष्टी सांगायच्या म्हणतेस, पण इतक्या कशाला? एकच दाखला, म्हणजे येशूने सांगितलेली एकच बोधकथा, पुरते. हरवलेल्या मेंढराची घे, बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातली: शंभरातलं एक मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ बाकीची सोडून त्याला शोधायला जातो. पाऊस संपला की कोकणाकडे निघालेले धनगरांचे कळप पुण्याच्या आसपास दिसतात, त्यामुळे मेंढपाळ कोण हे मुलांना फार समजवावं लागत नाही.

सोमवारी नुसती गोष्ट सांग. मंगळवारी तीच मुलांकडून ऐक. कुणीतरी त्यात कुत्रा घालतंच, घालू दे. बुधवारी शंभर चिंचोके आण, दहा-दहाचे ढीग करायला लाव आणि एक हळूच लपव. कुठला ढीग कमी पडतोय हे शोधताना जो गोंधळ होतो ना, तोच खरा धडा. नव्व्याण्णव असताना एकासाठी एवढी धडपड का, हे मुलंच विचारतात. लगेच उत्तर देऊ नकोस. कापसाची मेंढरं चिकटवायची असतील तर शेवटचा तास माग, पसारा फार होतो.

एक मात्र आधी बघ. वर्गात सगळी मुलं ख्रिस्ती नसतील. राज्यघटनेच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांना धार्मिक शिक्षणाला किंवा प्रार्थनेला बसवता येत नाही. ऑफिसातून संमतीपत्रं तपासून घे. मी पहिल्या वर्षी हे विसरले आणि एका मुलाची आजी थेट वर्गाच्या दारात उभी राहिली!

पुढे चौथी मिळाली तर पंडिता रमाबाई घे. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणणाऱ्या या बाईंनी निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन केडगावला आहे, सहलीलाही जवळ पडतं.