आयर्विनला पाणी किती?

सांगली, रविवार रात्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दुपारी चहा अर्धा टाकून उठलास तेव्हाच कळलं, मी जरा जास्त बोलले. पण तुझं ते रजिस्टर! 'वार्षिक उद्दिष्टे' म्हणून 19 ओळी आखल्यास. गाणी, खेळ, ॲप, स्मार्टबोर्ड, जर्मन नाश्त्याचा दिवस, आणि तासातला 90 टक्के वेळ फक्त जर्मन. वर रडवेलं तोंड करून विचारतोस, "मॅडम, एवढं करूनही पोरं तोंड का उघडत नाहीत?"

कशाला उघडतील? तू त्यांना दिवसभरात एकही खरा प्रश्न विचारत नाहीस. 'हे काय आहे? हे टेबल आहे.' अरे, टेबल आहे हे तुला दिसतंय, त्यांना दिसतंय, व्हरांडा झाडणाऱ्या मावशींनाही दिसतंय. ज्याचं उत्तर तुला आधीच ठाऊक आहे, ते विचारू नकोस. माझ्या सगळ्या नोकरीचा गाळ काढला तर तळाशी एवढंच सापडतं, आणि तेही मला उशिरा सापडलं.

माझा वर्ग तू पाहिला नाहीस. ए-वनच्या, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीच्या, तोंडी परीक्षेत स्वतःची ओळख करून देण्यासाठी सात शब्द समोर ठेवतात: नाव, वय, देश, गाव, भाषा, व्यवसाय, छंद. मी सातांची सात वाक्यं करून घेतली आणि महिनाभर घोकून घेतली. छंद सगळ्यांचा एकच, वाचन. क्रमिक पुस्तकापलीकडे ज्यांनी कागद उलटला नव्हता ती पोरंसुद्धा पुण्याला जाऊन ठणठणीत आवाजात 'माझा छंद वाचन' सांगून पास झाली. संस्थेत पेढे वाटले, माझा सत्कार झाला, शाल अजून कपाटात आहे. परीक्षेचा यात काही दोष नाही. मिरजेची एक नर्सिंग झालेली मुलगी पुढे बी-टू ही चौथी पायरी करून जर्मनीला गेली. पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. वॉर्डातल्या एका आजोबांनी तिला विचारलं होतं, तुझ्या आईला करमतं का गं तुझ्याशिवाय? शब्द सगळे कळले. उत्तर देता येईना. असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे मी विचारलं नव्हतं.

आता म्हणशील, 48 पोरं आणि 35 मिनिटांचा तास, कोण विचारणार प्रत्येकाच्या आईचं? हेच मीही म्हणायचे. वरून निकाल मागत होते, मी निकाल देत होते. माझ्या जागी कुणीही तेच केलं असतं. (हे वाक्य मी तिसऱ्यांदा खोडून पुन्हा लिहिलंय, राहू दे.)

पण एकदा, एकदाच, माझा वर्ग पेटला होता. पावसाळा होता, कृष्णा चढत होती. फळ्यावर आकडे लिहिता लिहिता मी सहज जर्मनमध्ये विचारलं, आज आयर्विन पुलाला पाणी किती? मला खरंच माहीत नव्हतं. मागच्या बाकावरचा एक पोरगा, वर्षभर मुका, उठून म्हणाला, आख्टउंडड्रायसिश. दुसरा ओरडला, नाही, फ्युन्फउंडड्रायसिश! अडतीस की पस्तीस यावर जुंपली. इशारा पातळी 40 फुटांवर, धोक्याची 45 वर, आणि दोघांचीही घरं नदीकाठी, भांडण्यासारखंच होतं. मोडकंतोडकं, विभक्त्यांचा चुराडा झालेलं, पण भांडण जर्मनमध्ये चाललं होतं. आणि मी काय केलं? त्या पोराला मध्येच थांबवलं आणि नदीचं लिंग दुरुस्त केलं. दी ब्र्युके म्हणजे पूल, डेअर फ्लुस म्हणजे नदी, म्हण पाहू तीनदा. तो खाली बसला. मार्चपर्यंत परत उठला नाही.

लिंग दुरुस्त करायला अख्खं वर्ष होतं रे.

ते 90 टक्क्यांचं खूळही डोक्यातून काढ. अमेरिकेतल्या भाषाशिक्षकांच्या संघटनेने ते सांगितलं, त्यामागे विचार आहे, मी नाही म्हणत नाही. पण तू घड्याळ लावून मराठी हाकलतोस आणि मागच्या दाराने इंग्रजी आत घेतोस, कारण तुझी पुस्तकं इंग्रजीतून समजावतात. मग पोरं 'आय ॲम कोल्ड'वरून 'इश बिन काल्ट' म्हणतात. जर्मन माणूस म्हणतो 'मिर इस्ट काल्ट'. मला थंडी वाजते. मिर म्हणजे मला! 'मिर गेफेल्ट दास', मला ते आवडतं. चतुर्थी विभक्ती आपल्या घरची आहे. तीन लिंगंही घरचीच: तो चमचा, ती सुरी, ते ताट. एकवीसमध्ये आपला एक आधी येतो, त्यांचाही आधी येतो. हे दोन मिनिटं मराठीत दाखव आणि उरलेला तास विचारत बस. काय विचारायचं? जे तुला ठाऊक नाही ते.

माझे मामा विट्याकडचे. कोइमतूरला गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं, दुकान, शाळा सहावीपर्यंत. तमिळमध्ये घासाघीस करायचे, विनोद करायचे, शिव्याही खायचे. मी एकदा ऐटीत विचारलं, व्याकरण कुठून शिकलात? म्हणाले, "कसलं व्याकरण? गिऱ्हाईक सोनं घेऊन आलं की विचारावंच लागतं, कुठलं, कधी घेतलं, किती मोडायचं." त्यांना उत्तर माहीत नसायचं. चुकीचं समजलं तर नुकसान खिशातून. तेव्हा मी हसले होते, एम.ए. झाले होते ना.

आता तुझ्या उद्दिष्टांबद्दल. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये ए-वन ते सी-टू पायऱ्या छापल्या, त्या मुळातून वाच. ए-वनमध्ये काय आहे? समोरचा सावकाश बोलला आणि सांभाळून घ्यायला तयार असला, तर साधं बोलणं चालवता येतं. धडा क्रमांक कुठेच नाही. तू 'दिवाळीपर्यंत सहा धडे' लिहिलंस, ते खोड. त्याऐवजी लिही: दिवाळीपर्यंत प्रत्येक पोराला 'कळलं नाही, परत सांगा' न लाजता म्हणता येईल. शेजाऱ्याला चार प्रश्न विचारून, त्याच्याबद्दल मला माहीत नसलेलं काहीतरी मला सांगता येईल. ॲप ठेव, गाणी ठेव. बर्लिनच्या स्टेशनवरचं नाटक मात्र नको. मिरज जंक्शनवर कुणाची कोणती गाडी चुकली ते विचार.

पहिल्या तासाला शांतता पसरेल आणि तुला घाम फुटेल. फुटू दे. लगेच स्वतःच उत्तर देऊ नकोस, ही तुझी खोड मी दुपारीसुद्धा पाहिली. मीही तशीच होते, म्हणून चिडले.

रजिस्टर इथेच राहिलंय. सातव्या ओळीवरचा चहाचा डाग माझा. गुरुवारी संध्याकाळी ये, आणि तुझ्या वर्गातल्या मागच्या बाकावरच्या त्या गप्प पोराच्या घरी कोण कोण असतं ते मला जर्मनमध्ये सांग. मला ठाऊक नाही, आणि तुलाही नसणार.

तुझी,
मॅडम