विष्ठेपासून की विष्ठेतून?

प्रश्न असा आहे : इंडोनेशियातल्या महागड्या कॉफीबद्दल एका मराठी बातमीत ‘मांजराच्या विष्ठेपासून बनवलेली कॉफी’ असं वाचलं. दुसऱ्या ठिकाणी त्याच प्राण्याला ‘कस्तुरी मांजर’ म्हटलं होतं, तिसरीकडे ‘ऊदबिलाव’. या प्राण्याला, म्हणजे इंग्रजीतल्या ‘सिव्हेट’ला, मराठीत नेमका शब्द कोणता, आणि या कॉफीला म्हणायचं काय?

आधी प्राणी. तो उदमांजर. कोकणात कांडेचोरही म्हणतात. आजोळी रात्री माळ्यावर दुडदुड ऐकू आली की आजी कूस न बदलता म्हणायची, ‘‘कांडेचोर तो. नीज.’’ सकाळी वाशांपाशी शिजत्या आंबेमोहरासारखा वास रेंगाळलेला असायचा. तो त्याच्या शेपटीखालच्या गंधग्रंथींचा. बंगालीत याच प्राण्याला गंधगोकुल म्हणतात आणि तिथल्या लोकांनाही त्याच्या वासात पुलावाचा तांदूळच आठवतो. या ग्रंथी नर-मादी दोघांनाही असतात आणि दिसतात वृषणांसारख्या. म्हणून शास्त्रीय नावात ‘हर्माफ्रोडिटस’, म्हणजे उभयलिंगी, असा शब्द येऊन बसला. तो चुकीचा आहे, पण 1777 पासून चालत आला आहे.

नावात ‘मांजर’ असलं तरी हे मांजर नव्हे. मराठीत हे नेहमीचंच आहे : पाणमांजर मांजर नाही, उदमांजर मांजर नाही, रानमांजर मात्र खरोखर मांजर आहे. त्यामुळे जोडशब्द तोडून नुसतं ‘मांजर’ लिहिलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर घरातली मनी येते, आणि ती काही कॉफीची फळं खात नाही.

‘कस्तुरी मांजर’ हा शब्द चांगला आहे, पण तो वेगळ्या प्राण्याचा. ठिपक्यांचं अंग, कड्याकड्यांची शेपटी, वावर मुख्यतः जमिनीवर. त्यालाच जवादी म्हणतात. त्याच्या ग्रंथींतला सुगंधी स्राव पूर्वापार अत्तरासाठी काढला जातो. गंमत अशी की ‘जवादी’ आणि इंग्रजीतला ‘सिव्हेट’ हे दोन्ही अरबी ‘जबाद’ या एकाच शब्दाकडून आलेले, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. म्हणजे सिव्हेटचं शब्दशः मराठी भावंड जवादीच. तरीही इथे ते बसत नाही, कारण कॉफी खाणारा प्राणी झाडावर चढणारा उदमांजर आहे.

‘ऊदबिलाव’ तर साफ चूक. हिंदीत ऊदबिलाव म्हणजे आपलं पाणमांजर. त्यातला ऊद संस्कृत ‘उद्र’वरून आला, आणि उद्र म्हणजे पाण्यात राहणारा तो मासेखाऊ. हिंदी बातमी समोर ठेवून मराठी करताना उदमांजराचं पाणमांजर होतं किंवा उलट, ते या सारख्या दिसणाऱ्या शब्दांमुळे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते ‘पासून’. दुधापासून दही, तिळापासून तेल, शेणापासून गोवऱ्या. ‘पासून’ म्हटलं की आधीचा पदार्थ हाच कच्चा माल ठरतो. उदमांजराच्या बाबतीत तसं घडतच नाही. तो पिकलेलं लाल फळ खातो, गर पचवतो आणि बी टणक सालपटासकट जशीच्या तशी बाहेर पडते. ती वेचतात, धुतात, वाळवतात, सालपट काढतात, भाजतात. कोकणातल्या चिऱ्यांच्या गडग्यावर त्याची विष्ठा मी कितीदा पाहिली आहे : भेरलीमाडाच्या अखंड बियांचा नुसता ढीग, एकमेकींना जेमतेम चिकटलेल्या. पावसाची एक सर आली की बिया धुऊन मोकळ्या. जावा-सुमात्रात त्या जागी कॉफीच्या बिया असतात, एवढाच फरक. तेव्हा तांदळातून खडे वेचतो तसं इथे ‘विष्ठेतून’. एका प्रत्ययाने वाक्य खरं होतं.

‘विष्ठा’ हाच शब्द ठेवावा. शेण गाईम्हशींचं, लीद घोड्याची आणि हत्तीची, लेंड्या शेळीच्या. उदमांजरासाठी असा राखीव शब्द माझ्या कानावर आलेला नाही. बियांना मात्र जुना मराठी शब्द आहे, ‘बुंद’. अरबी ‘बुन्न’ याचाच तो नातलग. पुन्हा वापरात आला तर मला फार आवडेल.

मूळ नाव ‘कोपी लुवाक’. कोपी म्हणजे कॉफी, डच ‘कोफी’वरून. लुवाक हे उदमांजराचं जावातलं नाव. शेवटचा क जावानीज माणूस घशातच अडवतो, पण लिहिताना आपण तो लिहावा. ‘कोपी लुवाक कॉफी’ लिहू नये, कॉफी दोनदा होते. ‘लुवाक कॉफी’ सुटसुटीत आहे. पहिल्या उल्लेखात ‘उदमांजराच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांची कॉफी’ असं उलगडून सांगावं.

पण त्यातलं ‘वेचलेल्या’ जपून वापरा. मळ्यात, रानात हिंडून गोळा केलेल्या बियांनाच ते शोभतं. मागणी वाढली तशी इंडोनेशियात उदमांजरं पकडून अरुंद पिंजऱ्यांत कोंडली जाऊ लागली. रात्री एकट्याने हिंडणारा, नाना फळं आणि किडे खाणारा हा प्राणी तिथे कॉफीच्या फळांवर ठेवला जातो. 1991 मध्ये ही कॉफी ब्रिटनमध्ये नेणारे व्यापारी टोनी वाइल्ड यांनीच पुढे, 2013 मध्ये, तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. पिंजऱ्याखाली जमा झालेल्या बिया कोणी वेचत नाही, त्या झाडून घेतात. बातमी तशा मालाची असेल तर ‘पिंजऱ्यात कोंडलेल्या उदमांजरांच्या विष्ठेतून काढलेल्या’ असं पूर्ण लिहा, वाक्य लांबलं तरी चालेल.